'ओल'चा काना

अक्षरांवर उभं असलेलं माझं पहिलं मुखपृष्ठ एका कादंबरीचं होतं. दुष्काळी गाव, आटत गेलेली विहीर, नावात 'ओल' हा शब्द. संहिता हातात यायच्या आधीच मी भेगाळलेल्या जमिनीचा फोटो शोधून ठेवला होता. वाचून झाल्यावर तो बाजूला टाकला. कादंबरीत भेगा नव्हत्याच फारशा. माणसं खणत राहतात, खोल खोल, एवढंच होतं. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: संहिता पूर्ण वाचा, सारांशावर कव्हर करू नका.

मग नुसता शब्द घेऊन बसलो. रोमन अक्षरं रेषेवर उभी राहतात, आपली रेषेला लटकतात. हे माहीत होतंच, पण पेन्सिलीने 'ओल' पन्नासेक वेळा लिहिल्यावर ते मला खरं दिसलं. शिरोरेषा म्हणजे जमीन. वर फक्त मात्रा, बाकी सगळं अक्षर जमिनीखाली! रेषा दोन्ही कडांपर्यंत ताणली आणि 'ओ'चा काना खाली थेट पानाच्या टोकापर्यंत उतरवला. विहीर झाली. फाँट निवडायच्या आधी हाताने लिहा, ते यासाठी. अक्षरकार कमल शेडगे यांनी हाताने रेखाटलेली नाटकांची शीर्षकं मिळतील तिथून जमवा आणि गिरवा. शब्दाचा स्वभाव अक्षरात कसा आणायचा, ते त्यांत दिसतं.

लेखिकेने प्रूफ पाहिलं आणि 'ल'वर बोट ठेवलं. फाँटने दंडाचा, हिंदी वळणाचा 'ल' दिला होता. मराठीचा 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा. 2009च्या शासन निर्णयानेही हीच रूपं प्रमाण धरली आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत, दोन्ही वळणांना संकेतांक एकच असल्यामुळे फरक फाँटमध्ये असतो. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की चांगला फाँट आपलं रूप देतो. नाही दिलं तर फाँट बदला.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आउटलाइन केल्यावर, म्हणजे मजकुराचं रेखाकृतीत रूपांतर केल्यावर, अक्षरं एकमेकांत विलीन करा, नाहीतर बाह्यरेषा किंवा पारदर्शकता दिली की सांधे उघडे पडतात. अंगठ्याएवढं छोटं करूनही बघा, कारण बरेच वाचक कव्हर आधी फोनवरच पाहतात.

सगळ्यात मोठी चूक स्पाइनची, म्हणजे पुस्तकाच्या कण्याची झाली. 240 पानं म्हणजे 120 कागद, एका कागदाची जाडी 0.1 मिमी या हिशेबाने 12 मिमी. छपाईच्या वेळी कागद बदलून जाड आला, स्पाइन जवळपास 14 मिमी झाली आणि तिच्यावरचं नाव मधोमध न राहता कडेला सरकलं. आता त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे न छापलेली नमुना प्रत, हातात घेऊन मोजल्याशिवाय मी कव्हरची फाइल पाठवत नाही.