पिकअपला रिमोट स्टार्ट बसवताना आधी न्यूट्रल, मग सेल्फ

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार अण्णा गेल्या थंडीत पिकअप घेऊन आमच्या मिरज रोडच्या दुकानात आले. "मिस्त्री, ओसरीवरनं बटण दाबलं की गाडी चालू झाली पायजे. पहाटे चारला क्रेट घेऊन बागेत जायचं असतंय, आणि ही थंडीत लय वेळ लावती."

मी पहिला प्रश्न विचारला, "गाडी लावताना गिअरमध्ये टाकता का?"

"मग! हँडब्रेक कुठला धरतोय?"

झालं. बाकीचं वायरिंग दोन-तीन तासांचं आहे, खरं काम या उत्तरात अडकलंय. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये नसेल तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, लागतच नाही. आपल्या पिकअप हाताच्या गिअरच्या. गाडी पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये असेल आणि रिमोटनं सेल्फ मारला, तर इंजिन चालू व्हायच्या आधी गाडी चालायला लागते. हे मी ऐकून सांगत नाही. रिमोट स्टार्टचं पहिलं किट मी स्वतःच्याच गाडीला बसवलं होतं. रिव्हर्समध्ये लावलेली विसरलो आणि ओट्यावरून ऐटीत बटण दाबलं. गाडीनं मागं दोन उड्या घेतल्या आणि पाण्याच्या हौदाचा कोपरा पाडला. पोरगं पाच मिनिटं आधी तिथंच हात धूत होतं.

म्हणून अण्णांच्या गाडीचे आधी ब्रेकचे लायनर आणि हँडब्रेकची केबल बदलली. उतारावर उभी करून, न्यूट्रलमध्ये टाकून, नुसत्या हँडब्रेकवर थांबते का बघितलं. थांबत नसेल तर किट घेऊच नका.

किट घेताना एकच गोष्ट बघा: त्यात मॅन्युअल गिअरचं सेटिंग आहे का. ते असं चालतं. गाडी लावली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला. इंजिन चालू असतानाच रिमोट दाबून किल्ली काढायची, इंजिन चालूच राहतं. खाली उतरून दार लावलं की किट स्वतः इंजिन बंद करतं आणि तेव्हाच पुढच्या स्टार्टला तयार होतं. इंजिन चालू, क्लचवर कुणाचा पाय नाही, तरी गाडी जागेवर उभी. म्हणजे ती न्यूट्रलमध्येच असणार. नंतर कुणी दार उघडलं की तयारी रद्द. स्वस्तातल्या किटमध्ये हे नसतं. ती नुसती लांबून फिरवायची किल्ली असते.

आता दाराची गोम. बऱ्याच पिकअपला दाराचा स्विच फक्त ड्रायव्हरच्या बाजूला असतो. क्लिनरच्या बाजूनं पोरगं चढलं आणि गिअरशी खेळून उतरलं तर किटला कळणारच नाही. त्या दारालाही स्विच बसवा. शिवाय गिअरबॉक्सला न्यूट्रल स्विच बसत असेल तर तोही जोडा. मी दोन्ही करतो, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.

वायरिंगला हात लावण्याआधी इग्निशन स्विचच्या वायरी मल्टीमीटरनं ओळखा. रंगावर जाऊ नका, आधीच्या कुणी काय जोडलंय देव जाणे. कायम १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची. किल्ली ऑन केल्यावर येते आणि सेल्फ मारतानाही टिकते ती इग्निशनची. सेल्फच्या वेळी मरते ती ॲक्सेसरीची. फक्त सेल्फ मारतानाच जिवंत होते ती सेल्फची. स्टिअरिंगखाली पिवळं वेष्टण दिसलं तर ते एअरबॅगचं, तिथं टेस्ट लॅम्प लावायचा नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि जोडणीला बसा. सांधे पिळून टेप मारू नका, सोल्डरिंगचा डाग द्या. पिकअप हादरते, पिळलेला सांधा वर्षभरात सैल होतो. किटसोबत दिलेला फ्यूज बॅटरीच्या जवळ घ्या, आणि अर्थची (निगेटिव्ह) वायर रंग खरवडून पत्र्याला.

इंजिन चालू झाल्याची खूण किटला अल्टरनेटरच्या चार्जिंग लाइटच्या वायरीवरून द्या. ही खूण चुकली तर इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ फिरत राहतो आणि बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं इंजिनला फिरवणारं दातेरी चाक, जातं. डिझेलचं सेटिंग लावा, म्हणजे हीटर प्लग तापेपर्यंत किट थांबेल. ब्रेक लाइटची वायर जोडली की पेडल दाबताच इंजिन बंद पडतं. म्हणून निघताना आधी किल्ली घालून ऑन करायची, मग ब्रेक. बॉनेटलाही स्विच द्या, नाहीतर फॅनबेल्टात कुणाचा तरी हात असताना गाडी चालू व्हायची. किल्लीत चोरी रोखणारी चिप असेल तर तिच्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं. एक किल्ली कायमची डॅशबोर्डमागं लपवून ठेवायचा जुगाड मी करत नाही, चोराचं काम सोपं होतं.

चाचणी अशी घ्या. सेल्फच्या सोलेनॉइडची (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचची) बारीक वायर काढा आणि तिच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक अर्थला. चाकांना दगड. आता गाडी गिअरमध्ये टाकून रिमोट दाबा. हँडब्रेक सोडून दाबा. क्लिनरचं दार उघडून, लावून दाबा. बॉनेट उघडून दाबा. एकदाही दिवा लागला नाही पाहिजे. अण्णांच्या गाडीला क्लिनरच्या दाराला लागला. स्विच नवा होता, पण त्याची अर्थ गंजलेल्या स्क्रूखाली गेली होती. वायर सेल्फलाच असती तर गाडीनं दुकानाचं शटर धरलं असतं.

रस्त्यावर हे वापरायचं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी सीटवर लायसनवाला माणूस नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे. आपल्या आवारात, तेही उघड्यावर. बंद शेडमध्ये धूर कोंडतो, त्यानं माणूस मरतो. दहा मिनिटांत आपोआप बंद होण्याचं सेटिंग ठेवा.

रिमोट किल्लीच्या जुडग्यात अडकवू नका, खिशात बटण दाबलं जातं. अण्णांचा ओसरीत खुंटीला असतो, नातवाचा हात पोचणार नाही इतक्या वर.