पश्चिमेच्या बाल्कनीसाठी हलतं ऊन-आवरण, घरच्या घरी

अबुधाबीत २०१२ चे अल बहर टॉवर्स आहेत ना, त्यांच्या काचेबाहेर छत्रीसारख्या उघडमिट करणाऱ्या जाळ्या आहेत, ऊन जसं फिरेल तशा कॉम्प्युटर त्या हलवतो. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या जागी दोरी, बाकी तत्त्व तेच.

तर आधी बघा ऊन कुठून येतंय. दक्षिणेला छज्जा चालतो कारण दुपारचा सूर्य वर असतो, पण पश्चिमेला चारनंतर ऊन छज्जाखालून सरळ सोफ्यावर येतं, तिथे उभाच आडोसा पाहिजे. आणि तो काचेच्या बाहेर! आतला जाड पडदा म्हणजे गरमी घरात घेऊन मग तोंड लपवणं, आमच्याकडे दोन उन्हाळे हेच चाललं होतं.

बांबूचा गुंडाळता पडदा घ्या, पण एकच मोठा नको, दोन-तीन अरुंद घ्या, म्हणजे ऊन असेल तेवढाच भाग झाकता येतो आणि बाकीच्यातून उजेड चालू राहतो, भरदुपारी ट्यूब लावायला लागत नाही. वर हूक, कप्पी, नायलॉनची दोरी. खालची काठी ग्रिलला बांधाच, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात रात्रभर धडाधड. जूनमध्ये काढून ठेवा, बुरशी धरते.