द्राक्षाचा व्यापारी पळून जायच्या आधी

आमच्या तासगाव भागात हंगामाला कुणाचे ना कुणाचे पैसे बुडतातच. मग पारावर एकच चर्चा, "एवढा शिकलेला गडी, फसलाच कसा?" मला हा प्रश्नच पटत नाही. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी 1979 मध्ये सांगितलं की गुन्हा व्हायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात. तयारीचा गुन्हेगार, हाताशी सावज, आणि राखणदार नाही. फेब्रुवारी-मार्चातली आपली बाग बघा. माल तयार, आभाळ भरून आलेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. पाऊस लागला तर मणी तडकणार. ही घाई व्यापाऱ्याला बांधावरूनच दिसते, तिथं शिक्षण काय करणार?

त्याची रीत ठरलेली. किलोला चार रुपये जास्त दर. पहिल्या गाडीचे पैसे रोख, चारचौघांत मोजून. दुसरीचेही. विश्वास बसावा म्हणूनच ते दिलेले असतात. सगळ्यात मोठ्या गाडीला मात्र चेक, "सोमवारी टाका." सोमवारी फोन बंद.

म्हणून राखणदार आपणच उभा करायचा. सौद्याला एकट्यानं बसू नका, भावकीतला एखादा खवचट माणूस शेजारी हवाच. नुसत्या आधारच्या झेरॉक्सवर जाऊ नका. व्यापाऱ्याला खोली भाड्यानं देणाऱ्या घरमालकाला गाठा. गेल्या साली माल कुठं घेतला ते विचारा आणि तिथल्या बागायतदाराचा नंबर स्वतः शोधा, व्यापाऱ्यानं दिलेला नको. काटा झाला की पेट्या, वजन, दर, गाडी नंबर कागदावर, खाली त्याची सही. पैसे खात्यावर आल्याशिवाय गाडी बांधावरून हलवायची नाही. यावर तो चिडला तर चिडू दे.

चेक परतलाच तर बँकेकडून तसं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळून 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. "आज देतो, उद्या देतो" म्हणत तो हेच दिवस खातो. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार घेतली नाही, तर सांगलीला पोलीस अधीक्षकांना ती लेखी, पोस्टानं पाठवता येते. लाजेनं घरात बसू नका. त्याच व्यापाऱ्यानं बुडवलेले आणखी चारजण निघतात, त्यांना घेऊन जा.

एकदा फसलेला माणूस पुन्हा फसण्याची शक्यता जास्त, हेही अभ्यासात वारंवार दिसलंय. महिन्याभरात कुणीतरी येईल, "वसुली करून देतो, आधी खर्चाचे दहा हजार द्या." त्याच्याही घरमालकाचा पत्ता मागा.