इंग्लंडात ग्रॅव्हल बाईक (खडीच्या, कच्च्या वाटांवरची सायकल) घेऊन निघताय? आधी बाणांचे रंग बघा

लंडनला किंवा आसपास राहणाऱ्यांसाठी सांगतेय, कारण तिथे शेतातनं, जंगलातनं जाणारी प्रत्येक पायवाट सायकलसाठी नसते आणि हे आपल्याला कोणी सांगतच नाही. खांबावर पिवळा बाण असेल तर तो फूटपाथ, म्हणजे फक्त चालणाऱ्यांचा, तिथे सायकलचा हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, मूळचा घोड्यांचा रस्ता, पण १९६८ च्या कायद्याने सायकलवाल्यांनाही मोकळा झालाय, फक्त चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी जाऊ द्यायचं. जांभळट आणि लाल बाणावरही सायकल चालते. ओएसच्या (ऑर्डनन्स सर्व्हे, तिथली सरकारी नकाशा संस्था) १:२५,००० नकाशात फूटपाथच्या हिरव्या रेघा तुटक आणि छोट्या, ब्रायडलवेच्या लांब, त्यामुळे रूट घरीच आखून ठेवा, ॲपवर डोळे झाकून भरवसा नको.

पहिल्यांदा जात असाल तर दक्षिण इंग्लंडातलं न्यू फॉरेस्टचं जंगलच बरं, लंडनच्या वॉटरलूहून ट्रेनने थेट ब्रोकनहर्स्टला उतरायचं आणि स्टेशनपासून जवळच खडीचे सपाट रस्ते सुरू, पण तिथे नंबर लावलेल्या सायकल ट्रॅकवरच राहायचं हं, मोकाट तट्टं मध्येच उभी असतात. साउथ डाउन्स वे हा टेकड्यांवरचा लांब मार्ग नंतर करा, तो विंचेस्टर ते ईस्टबोर्न १६० किमी आहे, चढ दमवतात आणि पाऊस पडला की तिथली खडूच्या दगडाची जमीन साबणासारखी निसरडी होते. टायर ४० मिमीच्या आसपासचे घाला. घोडा दिसला की लांबूनच हाक मारा, घंटीने काही घोडे बिचकतात. आणि फाटक जसं होतं तसंच ठेवून पुढे जा, उघडं तर उघडं.