हातोडा बनवताना आणि दांडा बसवताना या चुका टाळा

हातोड्याचं तोंड कडक हवं आणि दांड्याच्या भोकाभोवतीचा भाग चिवट. बिघडलेल्या बहुतेक हातोड्यांत यातलं एक तरी चुकलेलं असतं.

आधी माल. बिडाचं डोकं रंग मारल्यावर ओळखू येत नाही, पण जोराच्या घावाला दुभंगतं. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी की त्याला पाणी, म्हणजे तापवून पाण्यात बुडवल्यावर येणारा कडकपणा, धरतच नाही. तोंड चेपतं, कडा बाहेर वळतात. ०.४५ ते ०.६ टक्के कार्बनचं पोलाद घ्यावं आणि ते ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला, पिवळसर नारिंगी असताना घडवावं. काळपट लाल झाल्यावरही ठोकत राहिलं तर भोकाच्या कोपऱ्यांत बारीक चिरा पडतात आणि पाणी देताना त्याच उघडतात.

खरं नुकसान होतं ते पाणी देतानाच. अख्खं डोकं पाण्यात टाकलं की भोकाच्या भिंतीही काचेसारख्या ठिसूळ होतात. डोकं चुंबकाला चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवावं, ८२० ते ८५० अंशांपर्यंत, आणि फक्त तोंडाकडचा १२-१५ मिलिमीटर भाग बुडवावा. तो एकाच खोलीवर स्थिर धरू नये, पाण्याच्या रेषेवर चीर जाते. खालीवर हलवत राहावं. बाहेर काढून तोंड चटकन घासावं. मागची धग पुढे सरकते, तोंडावर गवती पिवळा रंग उमटतो, तेव्हा पूर्ण विझवावं. ही पायरी गाळलेल्या तोंडाच्या कपच्या उडतात.

ग्राइंडरवर तोंड निळं पडलं, तर तिथलं पाणी उतरलं. हलक्या हाताने, थांबत थांबत घासावं. कड थोडी गोल ठेवावी, कपची उडते ती धारदार कडेचीच. चिरलेल्या डोक्याला वेल्डिंग करू नका, ते भंगारातच जाऊ द्या. आणि हातोड्यावर हातोडा कधीच मारू नका, दोन्ही तोंडं कडक असतात.

मुंबईत दांड्याचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पण लोखंडी भोक जागा देत नाही, म्हणून आतले तंतू दाबले जातात. हिवाळ्यात लाकूड सुकलं की डोकं खुळखुळतं. ते रात्रभर बादलीत बुडवायची सवय सोडा. सकाळी घट्ट वाटतं, पण वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. नीट वाळलेली, गाठ नसलेली बाभूळ घ्या. रेषा दांड्याच्या लांबीने सरळ जायला हव्यात. भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद असतं, त्यामुळे लाकूड वर पसरून अडकावं म्हणून दांड्याच्या वरच्या टोकाला करवतीने पाडलेली चीर भोकाच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत घ्यावी, त्यात लाकडी पाचर आणि तिला तिरकी एक लोखंडी पाचर ठोकावी. वर उघड्या राहिलेल्या लाकडाला जवसाचं तेल मुरवावं. ओल तिथूनच सगळ्यात लवकर शिरते.