कुळाची नोंद आणि मोफत वकील

सासरे गेले त्या वर्षी तलाठ्याची नोटीस आली. जमीनमालकाच्या वारसांनी सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यातलं कुळाचं, म्हणजे ती जमीन खंडाने कसणाऱ्याचं नाव कमी करायचा अर्ज दिला होता, म्हणजे आमचंच नाव. दीर म्हणाले, "शिमग्यानंतर बघू." पण फेरफारावर, म्हणजे नोंदीतल्या बदलावर, हरकत घ्यायला नोटिशीपासून 15 दिवस असतात. अर्ध्या पानात लिहून दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. पुढे "तुमची हरकतच आली नाही" हेही ऐकावं लागलं. तो शिक्का दाखवला तेव्हा तोंडं बंद झाली.

मग कागद. आमचा अलिबाग तालुका चरीच्या संपाचा. 1933 पासून कुळांनी वर्षानुवर्षं खोतांची शेतं पेरली नव्हती. पण संपाची आठवण उताऱ्यावर चढत नाही! तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करून 1950 च्या आसपासचे सातबारे, 7-अ (कुळवहिवाटीचा नमुना) आणि सगळे फेरफार काढा. खंडाची जुनी पावती पत्र्याच्या पेटीत सापडली तर सोनं समजा. कारण 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 32 प्रमाणे 1 एप्रिल 1957 ला जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो सहसा मालक मानला जातो. 32-ग खाली कुळाने भरायची किंमत ठरते, ती भरली की 32-म चा खरेदीचा दाखला. आमच्याकडे 32-ग ची चौकशीच कधी झाली नव्हती. तो अर्ज आता मी केलाय.

शेजारच्या काकांनी थेट दिवाणी दावा लावला आणि वर्षं घालवली. कूळ आहे की नाही, हे कुळकायद्याच्या 70-ब खाली तहसीलदारच ठरवतो. भावाभावांचं वाटप किंवा खोटं बक्षीसपत्र असेल तर मात्र दिवाणी कोर्ट. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे, तेही 6 महिन्यांच्या आत.

वकिलाला पैसे नव्हते. तालुका कोर्टात मोफत वकील देणारी विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. बायकांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांनाही नाही. चौकशीला 15100 हा फोन. समितीत मला सांगितलं, "तहसीलच्या कामाला इथला वकील मिळत नाही." मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात महसुली कोर्टही धरलंय, हे शांतपणे सांगा आणि अर्जाची पोच मागा. पहिला वकील फौजदारीतला निघाला, 7-अ म्हणजे काय तेच मला विचारू लागला. कुळकायद्याचं काम केलेला द्या, असं लेखी दिलं. महिन्याने बदलून मिळाला.

मध्ये मालकाचे वारस एकदा पेढे घेऊन आले, सोबत स्टॅम्प पेपर. कुळाने जमीन सोडायची तर तहसीलदारासमोर पडताळणी लागते, चहाच्या कपाशेजारची सही चालत नाही. तरी सही करू नका, ती पुढे भलत्याच कामाला वापरतात. पेढे मी ठेवून घेतले.