डिसकॉन्सलट हा शब्द कुठं घालायचा

सॅड सगळ्यांनाच येतो म्हणून परीक्षेच्या इंग्रजी निबंधात पोरं डिसकॉन्सलट (disconsolate) उचलून कुठंही घालतात, पण हा शब्द लई नेमका आहे, त्यामुळं आधी नीट समजून घ्या.

मूळ लॅटिन, कन्सोल म्हणजे धीर देणं, त्यातनंच कन्सोलेशन प्राइज आलं, आपलं उत्तेजनार्थ बक्षीस. पुढं डिस लागला की अर्थ होतो धीर देऊनही जो सावरत नाही असा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल हरलेली टीम मैदानातच बसून राहते, तालमीतली मोठी माणसं पाठीवर हात ठेवतात तरी कोण मान वर करत नाही, तिथं हा शब्द फिट्ट बसतो. 2017 चा अंडर-17 फुटबॉल वर्ल्ड कप आठवा, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये होता. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं गोल मारला, वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, सगळे नाचायला लागले आणि लगेच कोलंबियानं दुसरा गोल टाकून मॅच 2-1 नं नेली. त्या पोरांबद्दल लिहायचं तर 'द प्लेयर्स वेअर डिसकॉन्सलट' असं लिहा, सॅड तिथं फारच कमी पडतो.

बोलताना जोर 'कॉन' वर द्यायचा, शेवटी 'लेट' म्हणायचं नाही, 'लट' असं हलकं सोडून द्यायचं. स्पेलिंग करताना कन्सोलचा शेवटचा ई काढून ए-टी-ई जोडा, पुढं डिस आहेच.

शक्यतो माणसासाठीच वापरा, नाहीतर चेहरा, नजर असल्या गोष्टींसाठी. बातमी डिसकॉन्सलट नसते, बातमी सॅड असते. जुन्या पुस्तकात उदास जागेलाही हा शब्द दिसेल, पण आत्ता तसं लिहिलं तर खटकतं.

आता इनकन्सोलेबल, यात गोंधळ लई होतो. मुलगा गेलाय, आईचं रडणं थांबतच नाही, तिथं इनकन्सोलेबल. डिसकॉन्सलटमध्ये रडणं असेलच असं नाही, माणूस गप्प, खचलेला असतो. कुणाच्या घरी मयत झालं तर मेसेजमध्ये मात्र हे दोन्ही शब्द कृपा करून नको, समोरच्याला तू सावरणारच नाहीस असं आपण का सांगायचं, तिथं साधं 'सॉरी फॉर युअर लॉस' पुरे.

कशामुळं ते सांगायचं असेल तर पुढं ओव्हर नायतर अॅट लावा, 'डिसकॉन्सलट ओव्हर द डिफीट', आणि क्रियेला जोडायचं असेल तर डिसकॉन्सलटली, 'ही वॉक्ड होम डिसकॉन्सलटली'.